कोकणातून चित्र, शिल्प, डिझाइन, फोटोच्या कामात यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देवगडकडचा. वडिलांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना होता. पावसाळ्यात आमच्या पडवीत माणसांपेक्षा मूर्ती जास्त असत. कलाशिक्षण मुंबईत झालं, तिथेच नऊ वर्षं जाहिरातीत नोकरी केली. आता गावात राहून पॅकेजिंग डिझाइन आणि पुस्तकांची चित्रं करतो. मे महिन्यात मुलं चित्रांच्या वह्या घेऊन येतात, मागोमाग आईवडील येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो आहे.

"चित्रां काढून पोट भरतला काय?"

भरतं. पण दर महिन्याच्या एक तारखेला भरत नाही, आणि हे घरात सुरुवातीलाच बोललेलं बरं. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात. चार महिने कामाखाली दबून जाल, दोन महिने फोन वाजणार नाही.

कोकणात हा पोटापाण्याचा मार्ग नवा नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवून पिढ्या जगल्या. पेण आणि त्याच्या जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचं काम बारा महिने चालतं. आमच्या शाळेत लोक आधीच घरचा पाट आणून द्यायचे, सोबत विडा आणि थोडा विसार. वडील पाटामागे खडूने नाव लिहायचे. मूर्ती केवढी, बैठक कशी, हे वहीत उतरवायचे. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. चतुर्थी कुणासाठी पुढे जात नाही, त्यामुळे "आणखी दोन दिवस द्या" हे वाक्य आमच्या घरात कधी ऐकलं नाही. पुढे मुंबईच्या एजन्सीत मला कामाचा तपशील लिहून घेणं, आगाऊ रक्कम, ठरलेली तारीख हे सगळं नव्याने शिकवलं गेलं, तेव्हा मला पडवी आठवली.

या क्षेत्रातून बाहेर पडलेली जी मुलं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पाट कसा ठेवून घ्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खाली पैशांबद्दल इतकं लिहिलंय ते त्यासाठी.

कामं तरी कुठकुठली असतात?

'आर्टिस्ट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅनव्हाससमोर उभा माणूस येतो. तशी माणसं थोडी. बाकीचे अॅनिमेशन, गेम, जाहिरात, चित्रपट-मालिकांचे सेट, कापडावरचे नमुने, पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, मोबाइल अॅपचे पडदे, दागिन्यांची डिझाइनं, लग्नाचे फोटो अशा ठिकाणी आहेत. कलाशिक्षक हाही सन्मानाचा मार्ग आहे.

आपल्या दारातली कामंही कमी नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बागायतदारांना पेटीवर आपलं नाव, आपली खूण हवी असते. काजू, कोकम, आमसुलं, फणसपोळी यांना लेबल लागतं. होमस्टेला पाट्या आणि मेन्यूकार्ड लागतात. आंब्याच्या पेटीचं काम फेब्रुवारीत सुरू करून उपयोग नाही. छपाईला वेळ लागतो, म्हणून मी बागायतदारांकडे दिवाळी संपली की जातो.

आणखी एक काम मला फार जवळचं वाटतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी. अशा ठिकाणी मोजमाप घेऊन आराखडे काढणारे, ड्रोनने नेमके फोटो घेणारे, पाहुण्यांसाठी माहितीफलक तयार करणारे हात लागतात. जांभ्यावरची एक रेघ कुठे संपते आणि नैसर्गिक भेग कुठे सुरू होते, हे ओळखायला चित्रकाराचा डोळा लागतो. ते काम आपल्या मुलांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

दहावी-बारावीनंतर नेमकं काय करायचं?

शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट द्या. कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांची सवय लागते आणि वेळेत कागद पुरा करायची शिस्त येते.

बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही चार वर्षांची पदवी. तिला बारावी लागते, शाखा कुठलीही चालते. राज्य सीईटी कक्षाची कलेची वेगळी सीईटी असते. तिच्यात संकल्प, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे चार भाग असतात. मुलं पहिल्या तिन्हींची तयारी करतात आणि सामान्य ज्ञानाला हात लावत नाहीत, मग तिथे गुण जातात. पदवीत रेखा व रंगकला, उपयोजित कला, शिल्पकला, मृत्कला, वस्त्रकला असे वेगवेगळे रस्ते आहेत. जाहिरात, पॅकेजिंग, चित्रांकन यांत जायचं असेल तर उपयोजित कला पाहा.

कला संचालनालयाच्या पदविकाही आहेत: फाउंडेशन, जी.डी. आर्ट, आणि शिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी. त्यांच्या पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, शेजारच्या दादाच्या वेळच्या अटींवर जाऊ नका. डिझाइनकडे कल असेल तर आयआयटीतल्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतंत्र परीक्षा आणि फॅशन-डिझाइनसाठी निफ्ट हे पर्याय. निफ्टचं मुंबई केंद्र खारघरला आहे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच.

मुंबईला जावंच लागेल का?

शिकायला जावंच असं नाही. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, कोकण रेल्वेच्या वाटेवर. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना पणजीचं गोवा कला महाविद्यालय जवळ पडतं. १९७२ मध्ये स्थापन झालेली ती संस्था आहे, मात्र तिथल्या प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे प्रवेश मिळाला तर दवडू नका.

काम करायला मात्र काही वर्षं मोठ्या शहरात काढा असं मी सांगतो. चांगल्या माणसांच्या शेजारी बसून जे कळतं, ते व्हिडिओ बघून कळत नाही. छपाईच्या मशीनसमोर उभं राहून शाई पाहणं, कामावर दहा जणांचं मत ऐकणं, नाकारलं गेलेलं काम रात्रीत पुन्हा करणं, याला पर्याय नाही. आपल्याकडे घरटी एक तरी चाकरमानी असतो. काकाच्या खोलीत पहिलं वर्ष निघतं. मग ओळखी घेऊन गावी परत या.

अलिबाग तालुक्यात मांडव्याहून जवळ सासवण्याला जाऊन शिल्पकार वि. पां. करमरकरांचं शिल्पालय मुलांना दाखवा. १८९१ मध्ये त्याच गावात ते जन्मले. लहानपणी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस पडलं, त्याने त्यांना जे. जे.मध्ये शिकायला पाठवायची सोय केली. १९२८ मध्ये पुण्यात बसवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या घरात आणि अंगणात त्यांनी घडवलेली माणसं, जनावरं आहेत. ती सिमेंटची म्हैस पाहून गोठ्यातली म्हैस आठवली नाही असा कोकणी माणूस नसेल.

"सर, मुलगी एकटी बाहेरगावी कशी पाठवू?"

ताई, काळजी खरी आहे. प्रवेशाआधी तुम्ही स्वतः तिच्यासोबत जाऊन वसतिगृह बघा, त्याच कॉलेजात शिकणाऱ्या आपल्याकडच्या दोन मुलींशी बोला. कलेच्या वर्गात मुली भरपूर असतात. आणि एक सांगतो, वडिलांच्या शाळेत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शेवटी माझी आत्या करायची. तिच्याइतका स्थिर हात घरात कुणाचाच नव्हता. तिला कुणी शिकायला पाठवलं नाही, याची खंत मला आजही आहे.

खर्च झेपेल का?

शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत शुल्क खासगीपेक्षा पुष्कळ कमी असतं. राखीव प्रवर्ग आणि कमी उत्पन्नाच्या घरांसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शुल्काच्या सवलती आहेत, अर्ज वेळेत भरा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी महिना ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दृश्यकला आणि लोककला दोन्ही येतात. साहित्याचा खर्च मात्र लोक धरत नाहीत. रंग, कागद, ब्रश यांचं वर्षाचं वेगळं अंदाजपत्रक करा.

पोर्टफोलिओत काय असावं?

बारा ते पंधरा कामं पुरेत. बघणारा माणूस सगळ्यांत कमकुवत चित्रावरून तुम्हाला मोजतो, म्हणून शंका असलेलं चित्र काढून टाका.

सिनेनटांची पेन्सिलने हुबेहूब उतरवलेली तोंडं घेऊन येणारी मुलं फार. मेहनत दिसते, पण त्यातून तू काय पाहतोस हे मला कळत नाही. मी त्यांना हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहायला पाठवतो, नाहीतर एसटी स्टँडवर बसवतो. पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईचा भार कुठल्या पायावर आहे? बोली लावणाऱ्याचा हात कुठून वळतो? पन्नास पानं भरा, त्यांतली पाच चांगली निघतील. त्या पाचांकडे बघून तुम्हाला काम मिळेल. दशावताराच्या रात्री मंचामागे जाऊन रंगवण्याचं, वेश चढवण्याचं चित्रण करा. परवानगी विचारली तर मंडळी प्रेमाने बसू देतात. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात, म्हणजे पुढे सहा महिने विषयाला तोटा नाही.

डिझाइनचं काम दाखवायचं असेल तर नुसतं अंतिम लेबल ठेवू नका. गिऱ्हाइकाची अडचण काय होती, पहिले तीन कच्चे आराखडे, त्यांतला एकच का निवडला, हे दोन-दोन ओळींत लिहा. छपाईचा फोटोही जोडा. फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगात) आहे, ३०० डीपीआय (छपाईला पुरेल इतकी बारीक) आहे, कडेला कापण्यासाठी तीन मिलिमीटर ब्लीड सोडलंय, एवढं दिसलं तरी प्रेसवाला तुमच्याकडे गंभीरपणे बघतो.

पैसे किती मागायचे?

बाजारभाव विचारत फिरण्याआधी स्वतःचा दिवसाचा भाव काढा. वर्षाचा घरखर्च, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, मशीन बदलण्यासाठी बाजूला काढायची रक्कम, आजारपणाची थोडी, हे सगळं मिळवा. समजा ४,२०,००० रुपये झाले. आता ज्या दिवसांचं बिल लागतं असे दिवस मोजा. माझ्या वहीत ते वर्षाला १४० च्या आसपास निघतात. बाकीचे भेटी, दुरुस्त्या, शिकणं, सणवार आणि लाइट नसण्यात जातात. भागाकार ३,००० रुपये. तीन दिवसांचं लेबल ९,००० च्या खाली करणं म्हणजे स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला देणं. कधी कमी घ्यायचं ठरवलंत तर जाणूनबुजून कमी घ्या, भिडेने घेऊ नका.

मी भिडेने फसलो आहे. गावी परतल्यावर एका ओळखीच्या बागायतदाराला पेटीचं डिझाइन तोंडी बोलीवर करून दिलं. दोन हंगामांनी तेच चित्र त्यांच्या आमरसाच्या डब्यावर आणि त्यांच्या नातेवाइकाच्या पेटीवर दिसलं. विचारलं तर म्हणाले, "एकदा पैसे दिले ना?" त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही, कारण कुठे वापरायचं हे कुणी लिहिलंच नव्हतं. माझ्या वडिलांनी साध्या पाटामागेही नाव लिहिलं असतं.

तेव्हापासून एक पान मराठीत लिहून दोघांची सही घेतो. काम काय, कुठे वापरणार, किती वर्षं, दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, अर्धी रक्कम विसार म्हणून आधी, अंतिम फाइल पूर्ण पैसे आल्यावर. नातेवाइकांकडूनही घेतो. सही मागितल्यामुळे नातं तुटल्याचं मला आठवत नाही.

काम दिलं, पैसे देत नाहीत. काय करू?

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद करून ठेवा. ती मोफत आहे, सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते, कुणा एजंटाला पैसे देऊ नका. सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर २००६ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मोठ्या शहरातल्या कंपनीला बिलावर उद्यम क्रमांक आणि ही ओळ दिसली की हिशेब खातं जागं होतं, हा माझा अनुभव.

कंपनीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर कापला तर घाबरू नका. विवरणपत्र भरलं की तुमच्या करात तो वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नसते.

माझं चित्र कुणी न विचारता वापरलं तर? हक्क कुणाचा?

चित्र काढल्याक्षणी कॉपीराइट तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. १९५७ च्या कायद्यातल्या तीन गोष्टी मात्र नीट समजून घ्या.

नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तुम्हाला नोकरी देणारा असतो. पैसे घेऊन सांगितल्याप्रमाणे काढलेला फोटो, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल तर, वेगळा करार नसल्यास, काम सांगणारा पहिला मालक. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा: जोडप्याचे फोटो आपल्या जाहिरातीत लावायचे असतील तर तशी परवानगी करारातच घ्या. तिसरं, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनेच देता येतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकल्यावरही चित्रकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो.

घरची परंपरागत कला आहे. तिच्यात आज काही आहे का?

आहे, पण ती फुकट टिकत नाही. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते घ्या. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, म्हणजे १२० गोल पानं हाताने रंगवायची. करणारे हात संपत आले होते, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच काम सुरू केलं, मुलांना शिकवलं, म्हणून आज तिथे ती रंगवताना बघायला मिळते. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या अंगणात संग्रहालय करून जपल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अशा घरातल्या मुलांना माझं सांगणं एकच: आधी आजोबांची पद्धत पूर्ण शिका, रंग कसा घोटतात इथपासून. बदल मग करा. आणि प्रत्येक वस्तूसोबत ती कुणी, किती दिवसांत केली हे छापलेलं कार्ड द्या. मूर्तिकार आणि खेळणी करणारे कारागीर पीएम विश्वकर्मा योजनेत बसतात; अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचं ५ टक्के व्याजाचं कर्ज मिळू शकतं. अर्ज सीएससी या सरकारी सेवांच्या केंद्रातून होतो, कुटुंबातल्या एकालाच.

मला फक्त पेंटिंग करायचंय. गॅलरीपर्यंत कसं पोचू?

नोकरी किंवा शिकवणी हाताशी ठेवून. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे आपल्या काळातले मोठे चित्रकार, पण जवळपास दोन दशकं ते सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत अर्ज लवकर टाका, रांग अनेक वर्षांची असते. तोपर्यंत बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आणि राज्य कला प्रदर्शन यांत कामं पाठवा. राज्य प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी महोत्सव भरतो, तो बघायला रात्रीच्या गाडीने का होईना, जा.

महागडा टॅबलेट घेतल्याशिवाय सुरू करता येईल का?

येईल. क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आणि भक्कम आहेत. साधा पेन-टॅबलेट पुरतो.

पैसे घालायचे तर पावसाविरुद्ध घाला. आपल्या हवेत कागदाला बुरशी धरते, कॅमेऱ्याच्या लेन्सलाही. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून घ्या. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका. जुलैत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर वाळतच नाही, म्हणून मी रंगवायचं काम दिवाळी ते मे ठेवतो आणि पावसात संगणकावरचं करतो. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात सगळे प्लग काढा. माझा एक संगणक विजेने गेला, त्यात दोन वर्षांचं काम होतं. कामाची प्रत दुसऱ्या गावी असलेल्या हार्डडिस्कवरही ठेवा.

एआय आल्यावर हे सगळं शिकण्यात अर्थ आहे?

स्वस्त शुभेच्छांचे फलक आणि भरताड चित्रं यांचं काम कमी झालंय, हे खरं आहे. जे फक्त तेवढंच करत होते त्यांना झळ बसली. पण यंत्राला मालवणी घराची पडवी विचारा: कौलं चुकतात, होडीची उलांडी (तोल राखणारं बाजूचं लाकूड) चुकते, नऊवारीचा काष्टा चुकतो. जोडाक्षरांची तर वाट लागते. देवनागरी अक्षर हे म्हणून मी मुलांना वेगळं शिकायला सांगतो. संगणकावरचा 'मंगल' फाँट र. कृ. जोशींनी घडवला, 'मुक्ता' आणि 'बालू' एक टाइपने करून सगळ्यांना मोफत दिले. मराठीत चांगलं अक्षर काढणारे अजूनही थोडे आहेत, आणि पाटीपासून पुस्तकापर्यंत त्यांची गरज आहे.

गावात शिकवणारं कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

तुझ्या पंचक्रोशीत गणपतीची शाळा नक्की असेल. आषाढात साचे बाहेर निघतात, तेव्हा जा आणि काम माग. पहिल्या वर्षी माती मळायला आणि पॉलिश पेपर मारायला देतील. ते कर. दुसऱ्या वर्षी अंगाचा रंग, पितांबर. दागिने त्यानंतर. चतुर्थीला आठ दिवस उरले की आखणी करणाऱ्याच्या बाजूला कंदील धरून बस, कारण लाइट हमखास गेलेली असते, आणि त्याचा श्वास कधी थांबतो ते बघ. कामाचे पैसे काय, हे पहिल्याच दिवशी विचार.